काल पाठवलेली फाइल आणि नको तिथला ‘हॅड’

वाचकाचं पत्र:

‘मी एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचलेलं समजतं, रोजचे मेलही मीच लिहिते, पण भूतकाळ आला की हात थबकतो. बारा काळांचं कोष्टक आजही तोंडपाठ आहे, त्यातलं कुठलं कधी वापरायचं ते मात्र कळत नाही. परवा साहेबांना हा मेल पाठवला: “आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे. आय हॅड कॉल्ड द क्लायंट इन द मॉर्निंग बट ही डिडन्ट पिक्ड द फोन. इन द इव्हिनिंग ही टोल्ड दॅट ही वॉज हॅविंग अ मीटिंग इन द मॉर्निंग.” साहेबांनी चार ठिकाणी लाल खुणा करून परत पाठवला, कारण काही सांगितलं नाही. बोलताना तर विचारूच नका. क्रियापदाचं रूप आठवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आता या वयात क्रियापदांचे तक्ते पुन्हा पाठ करू का? रोजच्या लिहिण्या-बोलण्यापुरतं नेमकं काय यायला हवं, ते सांगाल का?’

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या मेलबद्दल. त्यातल्या बहुतेक चुका इंग्रजी न येण्याच्या नाहीत. तुमचं मराठी पक्कं आहे आणि ते मराठी तुम्ही जसंच्या तसं इंग्रजीत बसवलंत, त्यातून त्या झाल्या आहेत. म्हणून कोष्टक पाठ असूनही उपयोग होत नाही. कोष्टक रूपं सांगतं, पण कोणतं रूप कुठे शोभतं हे आपण नकळत मराठीवरूनच ठरवतो, आणि नेमकं तिथे दोन भाषांचं जमत नाही.

रोजच्या वापरासाठी मी तुम्हाला एकच काळ पक्का करायला सांगेन: साधा भूतकाळ, म्हणजे शाळेतला सिम्पल पास्ट. सेंट, कॉल्ड, वेन्ट, सॉ, टोल्ड. कालचं, परवाचं, गेल्या वर्षीचं, शंभर वर्षांपूर्वीचं, जे होऊन गेलं त्यातलं बहुतेक सगळं याच एका रूपात सांगता येतं. आपल्याला मात्र हे रूप फार साधं वाटतं. ऑफिसच्या मेलमध्ये जरा भारदस्त काहीतरी हवं म्हणून आपण त्याच्या पुढे ‘हॅव’ नाहीतर ‘हॅड’ लावतो. तो भारदस्तपणा सोडा, निम्म्या लाल खुणा तिथेच जातील.

पहिली खूण: ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे.’ मराठीत ‘फाइल काल पाठवली आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ एकत्र नांदतात, कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव सेंट’ हे रूप वर्तमानाला धरून असतं. त्याचा रोख असा, की फाइल आता तुमच्याकडे असायला हवी, कधी पाठवली हा मुद्दा नाही. तुम्ही ‘यस्टरडे’ म्हणालात की वाक्याचं लक्ष आजवरून उठून कालवर जातं, आणि मग ‘हॅव’ला तिथे जागा उरत नाही. म्हणून लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा: ‘कधी?’ वाक्यात त्याचं उत्तर असेल, म्हणजे यस्टरडे, लास्ट वीक, ऑन मंडे, टू डेज अगो, इन 2019, व्हेन आय वॉज इन कॉलेज यांपैकी काहीही, तर डोळे मिटून साधा भूतकाळ. ‘आय सेंट द फाइल यस्टरडे.’ उत्तर नसेल आणि परिणाम आत्ता महत्त्वाचा असेल, तर ‘आय हॅव सेंट द फाइल’ उत्तम.

इंग्रजी संभाषणात याची एक ठरलेली चाल दिसते. बातमी ‘हॅव’ने येते आणि तपशील लगेच साध्या भूतकाळात जातो. ‘आय हॅव स्पोकन टु हिम.’ ‘व्हेन?’ ‘आय स्पोक टु हिम ऑन मंडे. ही सेड यस.’ एकदा ‘कधी’ विचारलं गेलं की पुढचं सगळं साध्या भूतकाळात. ही चाल कानात बसली तर नियम आठवायची गरज उरत नाही. कधी वेळ शब्दांत नसते पण मनात असते, तेव्हाही हाच हिशेब चालतो. गेलेल्या माणसाचं आयुष्य संपलेला काळ आहे, म्हणून शेक्सपिअरबद्दल बोलताना ‘ही रोट प्लेज’ म्हणतात, ‘ही हॅज रिटन’ नाही. आणि ‘धिस मॉर्निंग’ हा शब्द घड्याळाप्रमाणे बदलतो. सकाळ अजून चालू असेल तर ‘हॅव’ चालतो, दुपार झाली की साधा भूतकाळ.

एका ठिकाणी मात्र तुम्ही गोंधळाल, म्हणून आधीच सांगते. अमेरिकन माणसं ‘आय ऑलरेडी सेंट इट’, ‘डिड यू गेट इट येट?’ असं सर्रास म्हणतात. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत तिथे ‘हॅव’ हवा असतो. जस्ट, ऑलरेडी, येट या शब्दांसोबत दोन्ही ऐकू येईल, त्यावरून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नका. ‘हॅव… यस्टरडे’ मात्र दोन्हीकडे चूकच समजली जाते.

नोकरीबद्दल लिहिताना या फरकाला जास्त वजन येतं. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षं काम केलं आणि ती नोकरी संपली. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षं झाली आणि अजून आहे. मुलाखतीत यातलं चुकीचं वाक्य निघालं, तर समोरच्याला वाटतं तुम्ही नोकरी सोडून बसलाय. बायोडेटातही हाच धागा धरा. जुन्या नोकऱ्यांची कामं मॅनेज्ड, प्रिपेअर्ड, ट्रेन्ड अशी, आणि चालू नोकरीची वर्तमानकाळात.

आता दुसरी खूण, ‘हॅड’. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त फुकट जाणारा शब्द कुठला असेल तर तो हाच.

मराठीत दोन वाक्यं म्हणून बघा. ‘मी सकाळी बँकेत गेले.’ ‘मी सकाळी बँकेत गेले होते.’ पहिलं ऐकल्यावर समोरचा विचारतो, ‘बरं, मग?’ ती एखाद्या हकिगतीची सुरुवात वाटते. दुसरं मात्र पूर्ण आहे. गेले होते, काम करून आले, विषय संपला. म्हणून कालची साधी गोष्ट सांगताना आपण ‘गेले होते’, ‘फोन केला होता’, ‘भेटलो होतो’ असंच बोलतो.

इंग्रजीत हे बरोबर उलटं आहे. ‘आय वेन्ट टु द बँक इन द मॉर्निंग’ हे वाक्य पूर्ण आहे, ऐकणारा समाधानी. ‘आय हॅड गॉन टु द बँक’ म्हटलं की ऐकणारा कान टवकारतो, कारण हे रूप सांगतं की भूतकाळातल्याच दुसऱ्या कशाच्या तरी आधी हे घडलं होतं. मग ते दुसरं काय? तो वाट बघत राहतो आणि तुम्ही पुढच्या विषयावर गेलेल्या असता. व्याकरणाच्या पुस्तकात त्या एकट्या वाक्यावर बोट ठेवायला जागा नसते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. कानाला मात्र ते अर्धवट लागतं.

‘हॅड’ची खरी गरज कधी लागते? भूतकाळात दोन घटना आहेत, आणि कोणती आधी हे सांगितलं नाही तर अर्थ बदलतो, अशा वेळी. ‘व्हेन आय रीच्ड, द मीटिंग स्टार्टेड’ म्हणजे मी पोहोचले आणि मीटिंग सुरू झाली, जणू माझीच वाट बघत होते. ‘व्हेन आय रीच्ड, द मीटिंग हॅड स्टार्टेड’ म्हणजे मला उशीर झाला. इथे एका ‘हॅड’ने तुमची अब्रू कमी-जास्त होते, इथे तो हवाच. पण बिफोर किंवा आफ्टर वाक्यात असेल तर क्रम आधीच कळलेला असतो. ‘आय चेक्ड द बिल्स बिफोर आय साइन्ड’ यात ‘हॅड’ घातला नाही म्हणून काही बिघडत नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगत गेलात तर पानभर लिहूनही ‘हॅड’ लागणार नाही.

पुढचे आठ दिवस पाठवायच्या प्रत्येक मेलमधला ‘हॅड’ काढून बघा. मी जेवणासाठी किंवा मालकीसाठी वापरलेल्या ‘हॅड’बद्दल बोलत नाही, ‘आय हॅड लंच’ ठीक आहे. दुसऱ्या क्रियापदाच्या आधी लावलेल्या ‘हॅड’बद्दल बोलते आहे. तो काढून साधं रूप ठेवल्यावर अर्थ बदलला का? बदलला तर परत घाला. बहुतेक वेळा नाही बदलणार.

तिसरी खूण, ‘डिडन्ट पिक्ड’. यात फार सांगण्यासारखं नाही. भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा. ‘डिड’ने तो दाखवला, की पुढचं क्रियापद मूळ रूपात: डिडन्ट पिक, डिडन्ट गो, डिड यू सी. ‘डिडन्ट हॅड’ नाही, ‘डिडन्ट हॅव’. वॉज-वेअर मात्र ‘डिड’च्या वाटेला जात नाहीत, ते स्वतःच नकार आणि प्रश्न सांभाळतात: वॉजन्ट, वेअर यू.

चौथी खूण बहुधा ‘वॉज हॅविंग अ मीटिंग’वर असावी. मीटिंग ‘हॅव’ करणं ही क्रिया आहे, त्यामुळे हे तुकड्यापुरतं चूक नाही, फक्त त्या वाक्यात बसत नाही. ते का, यावर शेवटाकडे येते. पण त्याच साच्यातली दुसरी वाक्यं खरोखर चुकतात: ‘आय वॉज नोइंग हिम’, ‘शी वॉज हॅविंग टू ब्रदर्स’. माहीत असणं, मालकीचं असणं, आवडणं, समजणं या अवस्था आहेत. त्या चालू-बंद होत नाहीत, म्हणून त्यांना ‘इंग’ लावत नाहीत. आय न्यू हिम. शी हॅड टू ब्रदर्स. आणि हो, ‘ही टोल्ड दॅट’ हेही निसटलंय. ‘टोल्ड’ला कुणाला सांगितलं ते लागतंच: टोल्ड मी. सांगायचं नसेल तर ‘सेड’.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, कारण ती बोलताना हमखास नडते. मराठीत आपण आत्ताची अवस्था सांगायला बिनदिक्कत भूतकाळ वापरतो. दमले. कंटाळले. भूक लागली. उशीर झाला. कळलं. यातलं एकही कालचं नाही, सगळं या क्षणाचं आहे. इंग्रजीत ही सगळी वर्तमानात जातात: आय ॲम टायर्ड, आय ॲम बोअर्ड, आय ॲम हंग्री, आय ॲम लेट, आय सी. ‘आय वॉज हंग्री’ म्हणालात तर समोरचा समजेल की तेव्हा होतात, आता नाही, आणि कुणी तुम्हाला खायला विचारणार नाही. ‘आलेच!’ तर त्याहून पुढचं. अजून खुर्चीतून उठलोही नसतो आणि आपण भूतकाळात येऊन पोहोचलेलो असतो. इंग्रजीत त्याला ‘आय ॲम कमिंग’. आणि एक जागा अशी, की तिथे आपल्याला वर्तमान वाटतं पण इंग्रजीला भूतकाळ चालतो. ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’ ही वाक्यं कालबद्दल नाहीत. विचारायचं आत्ताच आहे, भूतकाळाने फक्त थोडं अंतर ठेवलंय, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला मोकळीक राहते. साहेबांकडे रजा मागताना ‘आय वॉन्ट’पेक्षा हे बरं.

सवयींसाठी ‘यूज्ड टु’ आहे. पूर्वी जायचे, आता जात नाही: ‘आय यूज्ड टु गो बाय बस.’ पुष्कळ जण हे आजच्या सवयीलाही लावतात, ‘आय यूज टु गो टु ऑफिस ॲट नाइन’. ते चूक. आजच्या सवयीला नुसतं ‘आय गो’ पुरतं.

तक्ते पुन्हा पाठ करायचे का, याला माझं उत्तर ‘नाही’. पण का नाही ते समजून घेतलंत तर जास्त फायदा होईल. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं बघा: बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो, सी, टेक. सगळी वाकडी, एकालाही सरळ ‘एड’ लागत नाही. याचं कारण त्यांच्या वापरातच आहे. जे रूप रोज तोंडात असतं ते वाकडं असूनही टिकतं, जे क्वचित लागतं ते लोक विसरतात आणि सरळ ‘एड’ लावून मोकळे होतात. 2007 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. त्यात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली होती, आज 98 आहेत. एखादं क्रियापद दुसऱ्याच्या शंभर पट कमी वापरात असेल तर ते दहापट वेगाने नियमित होतं, असं गणितही त्यांनी मांडलं. ‘हेल्प’चं भूतकाळी रूप एके काळी ‘होल्प’ होतं. आज तो शब्द कुणी म्हटला तर लोक तोंडाकडे बघतील.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पाठ करायची रूपं नेमकी तीच आहेत, जी तुम्हाला रोज लागतात. तक्त्यातली उरलेली, म्हणजे पेरणं, विणणं, कातरणं वगैरे, पुस्तकात भेटतील तेव्हा ओळखता आली तरी पुरे. पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडा, शेवटचे वीस मेल वाचा आणि त्यांत आलेली क्रियापदं एका कागदावर लिहा. हिशेबाच्या कामात बहुधा सेंड, पे, स्पेंड, गेट, गिव्ह, टेक, मेक, फाइंड, टेल, से, राइट, सी, गो, कम, नो, थिंक, ब्रिंग, बाय, कीप, लीव्ह ही निघतील. तीस-चाळीसच्या पुढे यादी जाणार नाही. ती वर्णानुक्रमाने लावू नका, आवाजाने लावा. सेंट, स्पेंट, लेंट, बिल्ट एकत्र. थॉट, बॉट, ब्रॉट, कॉट, टॉट एकत्र. केप्ट, लेफ्ट, फेल्ट, मेट, लेड एकत्र. पुट, कट, सेट, लेट, कॉस्ट, हिट ही बदलतच नाहीत, देव त्यांचं भलं करो. ‘रीड’ लिहिताना तसंच राहतं पण वाचताना ‘रेड’ होतं. ‘गो’चं ‘वेन्ट’ कुठल्याच कळपात बसत नाही, कारण ते मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’ने उसनं घेतलेलं आणि परत न केलेलं.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांची लहान मुलंही ‘गो’चं ‘गोड’, ‘कम’चं ‘कम्ड’ असं म्हणतात, आणि गंमत म्हणजे आधी ‘वेन्ट’ बरोबर म्हणत असतात, नियम कळल्यावर चुकायला लागतात. काही दिवस दोन्ही रूपं चालतात, मग ऐकून ऐकून बरोबर रूप बसतं. तुमचंही तसंच होईल. फक्त ऐकणं जास्त हवं, वाचनही.

‘एड’च्या उच्चाराबद्दल मात्र मुद्दाम लिहिते, कारण शाळेत हे कुणी शिकवलेलं नसतं. लिहिताना शेपूट एकच, बोलताना त्याचे तीन आवाज. क्रियापदाचा शेवटचा आवाज प, क, फ, स, श, च असा अघोष, म्हणजे घसा न कंपता येणारा, असेल तर ‘ट’: हेल्प्ट, आस्क्ट, चेक्ट, फिनिश्ट. घोष, म्हणजे घसा कंपवणारा, असेल किंवा स्वर असेल तर ‘ड’: कॉल्ड, प्लॅन्ड, प्लेड. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच ‘इड’: वेटिड, वॉन्टिड, नीडिड. आपण अक्षरं बघून ‘आस्केड’, ‘चेकेड’ म्हणतो, म्हणजे जिथे स्वर नाही तिथे एक ज्यादाचा स्वर घुसडतो.

भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 मध्ये लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कुठल्याही कोशात नसलेली, बनवलेली क्रियापदं मुलांना सांगायची आणि ‘या माणसाने काल काय केलं?’ असं विचारायचं. ‘रिक’ हा शब्द कधी न ऐकलेली मुलं ‘रिक्ट’ म्हणाली. कुणी न शिकवता ‘ट’ आणि ‘ड’ त्यांना जमले. अडखळली ती ‘मॉट’सारख्या, शेवटी ‘ट’ असलेल्या शब्दावर, जिथे ‘इड’ लागतो. आपलं नेमकं उलटं: ‘इड’ आपल्याला सगळीकडे सुचतो, ‘ट’ सुचत नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन काही जण शेपूट गिळूनच टाकतात. ‘आय कॉल हिम यस्टरडे’ असं ऐकू येतं आणि समोरच्याला वाटतं यांना भूतकाळ येत नाही. मनात ‘कॉल्ड’च असतं, जिभेवर येत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर हा ‘ड’ खूप पुसट म्हणतात, त्यामुळे प्रत्येक शेपूट ठासून म्हणायची गरज नाही. पुढे स्वर आला की मात्र ते स्पष्ट लागतं, आणि तिथे ते सोपंही जातं, कारण ते पुढच्या शब्दाला चिकटवता येतं: ‘चेक-टिट’, ‘कॉल-डस’. चेक्ड इट, कॉल्ड अस. असं जोडून म्हणायचा सराव करा, तोंड आपोआप वळेल.

लिखाणात आणखी एक गोष्ट बघा: एका परिच्छेदात काळ सारखा उड्या मारत नाही ना. मीटिंगचा वृत्तांत लिहिताना जे ठरलं ते सगळं भूतकाळात: डिस्कस्ड, अप्रूव्ह्ड, डिसायडेड. जे अजून व्हायचंय ते शेवटी वेगळं. मधेच ‘देन ही सेज’ आलं की वाचणारा दचकतो. दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ एक पायरी मागे न्यायचा नियम तुम्हाला आठवत असेल. ‘आय ॲम बिझी’ असं तो म्हणाला, की ‘ही सेड ही वॉज बिझी’. पण सांगितलेली गोष्ट अजूनही खरी असेल तर मागे न नेलेलं चालतं: ‘ही सेड द ऑफिस इज ऑन द सेकंड फ्लोअर.’ ऑफिस काही तिथून हललेलं नाही.

आता तुमचा मेल पुरा दुरुस्त करू. ‘आय सेंट द फाइल यस्टरडे. आय कॉल्ड द क्लायंट इन द मॉर्निंग, बट ही डिडन्ट पिक अप. इन द इव्हिनिंग ही टोल्ड मी ही हॅड बीन इन अ मीटिंग.’ शेवटच्या वाक्यात ‘हॅड’ आलाय बघा. त्याने सांगितलं संध्याकाळी, आणि मीटिंग होती सकाळी. दोन्ही घटना भूतकाळातल्या, एक दुसऱ्याच्या आधीची. ‘ही वॉज हॅविंग’ लिहिलं तर क्षणभर वाटतं, तो संध्याकाळी फोनवर बोलतानाही मीटिंगमध्येच होता. तुम्हाला ‘इन द मॉर्निंग’ दुसऱ्यांदा लिहावं लागलं ते यामुळेच. ‘हॅड’ घातल्यावर ते शब्द काढून टाकता आले. सबंध मेलमध्ये ‘हॅड’ची गरज याच एका जागी होती, तुम्ही तो आधीच्याच वाक्यात खर्च करून बसलात.

राहिलं बोलणं. रूप आठवेपर्यंत विषय पुढे जातो म्हणता, तर दोन सोयी इंग्रजीतच आहेत, त्या वापरा. कुणी ‘डिड यू कॉल हिम?’ ‘डिड यू गो?’ असं विचारलं, तर उत्तरात क्रियापद आणायचीच गरज नाही. ‘यस, आय डिड’, ‘नो, आय डिडन्ट’ हे पूर्ण आणि सभ्य उत्तर आहे. तेवढ्यात पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायला उसंत मिळते. दुसरं, स्वतःहून काही सांगायचं असेल तर वाक्याची सुरुवात वेळेपासून करा: ‘यस्टरडे…’, ‘लास्ट फ्रायडे…’. मराठीत आपण तसंच बोलतो, ‘काल मी…’, त्यामुळे ते जड जात नाही, आणि तो शब्द तोंडातून गेला की पुढचं क्रियापद आपसूक भूतकाळात यायला लागतं. चुकून ‘आय गो’ निघालं तर माफी मागत वाक्य पहिल्यापासून सुरू करू नका. फक्त क्रियापद पुन्हा म्हणा, ‘वेन्ट’, आणि पुढे चला.